लाल दोऱ्याची पुडी

निहारचा हात काही स्वस्थ बसत नव्हता. बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा पावलं, मग वळायचं, पुन्हा सहा पावलं; आणि तो लांबोडका तपकिरी चेंडू डाव्या पंजातून उजव्यात, उजव्यातून डाव्यात. खालून मेट्रो अ‍ॅमस्टरडॅमकडे गेली, दुसरी आली, तीही गेली. याच्या फेऱ्या आपल्या चालूच.

“अरे, बस की जरा,” मृदुला आतून म्हणाली.

“बसलोच आहे ना, आई. तीन आठवडे बसूनच आहे.”

ज्येष्ठेच्या मुखवट्यावरची वर्षभराची धूळ ती मऊ फडक्यानं टिपत राहिली. गौरी यंदा मृदुलाकडे, डीमनच्या या घरी होत्या. एक वर्ष थोरल्या जावेकडे एनस्खेडेला, एक वर्ष धाकटीकडे, असं दोघींनी ठरवून घेतलं होतं. गेल्या वर्षी साथीमुळे पूजा नुसती पडद्यावर झाली. यंदा सगळ्यांना लशी मिळाल्या होत्या, माणसं एकमेकांच्या घरी जाऊ लागली होती, आणि घर भरायची वेळ आली ती ही अशी.

अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक म्हणजे कोण, हे समजायला मृदुलाला दहा वर्षं लागली होती. अकरा जणांत हा एकच असा, की जवळजवळ प्रत्येक डाव याच्या हातातून सुरू होतो. समोरून चार-पाच धिप्पाड गडी याला लोळवायला धावत सुटतात, आणि तीनेक सेकंदांत यानं ठरवायचं, चेंडू कुणाच्या हाती द्यायचा, कुणाकडे फेकायचा. तेराव्या वर्षी मित्राबरोबर सहज म्हणून क्लबात गेलेलं पोर त्या खेळापायी अमेरिकेत गेलं, मिनेसोटातल्या लहानशा कॉलेजात तीन वर्षं बाकावर बसलं, एक वर्ष खेळलं. मग जर्मनीतला एक क्लब, दुसरा क्लब, दोन्हीकडे राखीव. साथीच्या पहिल्या वर्षी सामनेच रद्द झाले, तेव्हा यानं सुपरमार्केटच्या गाडीतून लोकांच्या दारात किराणा पोचवला आणि संध्याकाळी खालच्या सायकलींच्या कोठीत भिंतीला टेकवलेल्या टायरमधून चेंडू फेकत राहिला. दोनशे वेळा. रोज. आणि या उन्हाळ्यात, सत्ताविसाव्या वर्षी, तिसऱ्या क्लबानं संघ त्याच्या हाती दिला. सात सामने. पुढच्या दोन वर्षांचा करार टेबलावर आला होता, सही तेवढी राहिली होती.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी सामन्यानंतर त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात एफेड्रिन सापडलं. सामन्याच्या दिवशी अंगात असू नये असं उत्तेजक. पत्रात दोनच गोष्टी होत्या: हे शरीरात कसं गेलं ते पुराव्यासकट सांगा, नाही सांगता आलं, तर दोन वर्षं मैदानाबाहेर. उत्तराची मुदत सोमवारी दुपारी बारापर्यंत. आज रविवार.

आणि ते कसं गेलं, हे मृदुलाला गुरुवारपासून ठाऊक होतं.

*

बेल वाजली. दारात जयप्रकाशभाऊजी, हातात केळीच्या पानांचं भेंडोळं. मागे कुमुदिनीवहिनी, एका खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात काळं रेक्झिनचं पाकीट छातीशी धरलेलं.

“टेस्ट करून आलोय दोघं,” भाऊजी म्हणाले. “एकेक रेघ. हवी तर दाखवतो.”

“आत या हो, भाऊजी.”

“नाही, म्हणजे हल्ली या घरात पुरावे लागतात म्हणून म्हटलं.”

मृदुलाचा नवरा अरुण सोफ्यावरून उठला तो तिथंच उभा राहिला. एरवी दादाला मिठी मारल्याशिवाय न राहणारा माणूस. एप्रिलमध्ये तो कोविडमधून उठला तेव्हापासून त्याच्या छातीत एक घरघर राहून गेली होती. चिडला की ती आधी ऐकू यायची आणि शब्द मागून.

“दादा, टोमणे नकोत. पोराचं आयुष्य पणाला लागलंय.”

“आणि हिचं नाही?” भाऊजींनी पानं टेबलावर ठेवली. “श्रुतीनं फोनवर काय विचारलं माहीत आहे? काकू, तुझ्या काढ्यात काय काय असतं त्याची यादी पाठव. वकिलाला द्यायचीय. अगं, जिनं तुला न्हाऊमाखू घातलं तिला तू यादी मागतेस?”

श्रुती, निहारची धाकटी बहीण, डेल्फ्टला शिकत होती आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. तिनं मान वर केली. “काका, मी सगळ्यांनाच मागितली. प्रोटीन पावडर, व्हिटॅमिन, बाबांचं कफ सिरप. सगळं चेक केलं. इट्स जस्ट अ लिस्ट.”

“असू दे,” कुमुदिनी म्हणाली. “तिनं बरोबर विचारलं.”

ती बसली, पाकीट मांडीवर ठेवून. पुण्याला आयुर्वेदाची साडेपाच वर्षं काढून, वैद्य होऊन ती जयप्रकाशभाऊजींच्या मागोमाग इथं आली, तेव्हा तिच्या पदवीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. दोन्ही भावांची घरं तेव्हा एकच होती. मृदुला नोकरीवर जायची आणि चार वर्षांचा निहार काकूच्या मागे मागे. मराठी त्याच्या तोंडात टिकलं ते तिच्यामुळे. श्रुतीचं अर्धं वाहून गेलं. पुढे एनस्खेडेला गेल्यावर वहिनींनी बेकरीत पाव भाजले, बायकांना तेल लावून दिलं. आणि वीस वर्षांनी साथ आली, तशी हेग आणि आम्सटेलव्हेनच्या मराठी घरांतून फोन येऊ लागले: डॉक्टर, घशासाठी काही आहे का? डॉक्टर, झोप येत नाही. त्या एका शब्दानं वहिनींची पाठ पुन्हा ताठ झाली होती, हे मृदुलानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

पाकिटातून वही निघाली. “हे घे. कुणाला काय दिलं, पुडीला कुठला दोरा बांधला, ते सगळं तारखेनिशी आहे. निहारचं वाच.”

श्रुतीला देवनागरी सावकाश वाचता यायचं. “सुंठ... ज्येष्ठमध... तुळस, मिरी. पांढरा दोरा.” तिनं खाली बोट फिरवलं. “अरुणभाऊजी. अडुळसा, पिंपळी, सोमलता. लाल दोरा. फक्त त्यांच्यासाठी.” तिनं टाइप केलं, थांबली. “काकू. सोमलता इज एफेड्रा. एफेड्रिन त्यातूनच येतं.”

बाल्कनीत चेंडूचा आवाज थांबला.

“माहीत आहे मला,” कुमुदिनी म्हणाली. “इथं ते विकायलाही बंदी आहे, तेही माहीत आहे. मी विकलं नाही. पुण्याहून आणलेलं थोडं माझ्या डब्यात होतं, जुनं. अरुणभाऊजींना दोन जिने चढवत नव्हते, म्हणून त्यांना दिलं. निहारला सोमलता मी दिलेली नाही. खेळाडूला ते चालत नाही एवढं मला कळतं.”

“मग आलं कुठून?” अरुणच्या छातीत घरघरलं. “वहिनी, त्या शुक्रवारी तो घरी खोकत होता. तुमचीच पूड घेऊन गेला. दुसरं काही घेतलंच नाही त्यानं. तुमच्या हातून पुड्या बदलल्या असतील. एवढं कबूल करायला काय जातं?”

“काय जातं?” भाऊजी उसळले. “अरे, कागदावर हिचं नाव गेलं की उद्या तपासणीवाले दारात. परत तो बेकरीचा एप्रन. आणि हे सगळं कशासाठी, तर एका चेंडूसाठी.”

“दादा, बास.”

“का बास? दोन क्लबांनी बसवून ठेवला, तेव्हा आम्ही विचारलं का, की हा नोकरी कधी धरणार?”

“काका इज राइट,” निहार दारातून म्हणाला. सगळे वळले. चौकट त्याच्या खांद्यांनी भरून गेली होती. “मी मेल लिहून ठेवलाय. मला माहीत नाही कसं आलं, जबाबदारी माझी. दोन वर्षं. रात्री पाठवणार.”

“दादा, तू एकोणतीसचा होशील,” श्रुती म्हणाली. “कोण घेणार तुला?”

“कुणीच नाही.” तो काकूजवळ येऊन खाली बसला, लहानपणी बसायचा तसा, तिच्या गुडघ्याला पाठ लावून. “श्रुती, चेंडू चुकीच्या माणसाच्या हातात गेला ना, की क्वार्टरबॅक बाहेर येऊन म्हणतो, चूक माझी. पकडणारा भलतीकडे पळाला असला तरी. त्याचं नाव घ्यायचं नसतं. दॅट्स द जॉब. मी काय पितो ते बघणं माझं काम होतं.”

कुमुदिनीनं त्याच्या केसांत हात ठेवला.

मृदुलाच्या हातातलं फडकं कधीच थांबलं होतं. आता, ती स्वतःला म्हणाली. आता बोल. पण पोरगा जिच्या गुडघ्याला पाठ लावून बसला होता ती आपण नव्हतो, आणि बोललो की तो आपल्या गुडघ्याकडे परत कधी येईल याचा भरवसा नव्हता. एवढ्या मोठ्या बाईला असं वाटावं याची तिला लाजही वाटली.

“मुहूर्त टळेल,” ती म्हणाली. “गौरी आधी घरात घेऊ या. मग काय ते.”

*

पावलं उमटवायला कुंकू कालवायचं होतं. वहिनी वाटी घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या. मृदुला मागोमाग गेली, नको जायला असं मनात म्हणत.

वरच्या फळीवर मसाल्यांच्या रांगेत पीनट बटरच्या दोन रिकाम्या बरण्या होत्या. झाकणं सारखी, आतली पूड सारखीच मातकट. या घरात रिकामी बरणी कधी टाकली गेली नाही. आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता, बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे, आणि कुठल्यात काय हे फक्त मृदुलाला ठाऊक. जुलैत पावसानं पुड्या सर्द व्हायला लागल्या म्हणून तिनं त्या सोडल्या, या दोन बरण्यांत रिकाम्या केल्या, कागद आणि दोरे कचऱ्यात गेले. लाल दोऱ्याची अरुणची, पांढऱ्याची बाकी सगळ्यांची, हे वहिनींनी फोनवर दोनदा सांगितलं होतं. पण डावीकडची कोणती, हे ती विसरली. वासानं ओळखू, असं तिला वाटलं होतं. कोविडनं आपलं नाक नेलंय, अजून लसणाचासुद्धा वास येत नाही, हे त्या घाईत तिच्या लक्षातच आलं नाही.

गुरुवारी गौरींची तयारी करताना दोन्ही बरण्या हातात आल्या, आणि त्या पहाटे आपण निहारला कुठल्या बरणीतलं दिलं ते तिच्या लक्षात आलं. एक बरणी तिनं सिंकवर उपडी धरली होती. कडेला आलेली पूड तिनं बोटानं परत आत लोटली. का, ते तिलाच कळलं नाही.

कुमुदिनीचा हात वाटीकडे निघाला होता तो बरणीवर थांबला. तिनं एक झाकण उघडलं, हुंगलं. दुसरं उघडलं. मग दोन्ही झाकणं नीट लावली, अगदी सावकाश. मृदुलाकडे तिनं पाहिलं ते ओझरतंच, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून काढून घ्यावा तसं.

“तुझं नाक आलं का गं परत?”

“नाही.”

“हं.”

ती वाटी घेऊन बाहेर गेली, आणि मृदुलाला तिचा आवाज ऐकू आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“श्रुती, लिही. पुड्या माझ्याकडून बदलल्या. वय झालं, दोरे उलटे बांधले गेले असतील.”

“कुमुद, काय बोलतेस?” भाऊजींचा आवाज चिरकला.

“बोलतेय ते बरोबर बोलतेय. बेकरी काही वाईट नव्हती. सकाळी गरम पाव मिळायचा.”

“काकू, नाही,” निहार म्हणाला.

“तू गप. मोठ्यांच्यात बोलू नकोस.”

“झालं,” अरुण म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका होती. “वहिनी, थँक यू. खरंच. राग मानू नका.” तेवढं ऐकून मृदुलानं ओट्याची कड घट्ट धरली. आभार मानत होता तो. तिच्या नवऱ्याचे आभार चुकीच्या दारात चालले होते, आणि ते थांबवायला तिनं एक पाऊल टाकलं नाही.

मिटलं होतं की सगळं. पोराला करार, अरुणला दादा. वहिनींना काय, ते वहिनींनीच ठरवलं होतं. कुणी विचारणारही नव्हतं. बरणी धुतली की झालं.

*

लिफ्टसमोरच्या पॅसेजमधून गौरी आत यायच्या. समोरच्या मार्लीसआजींनी दार किलकिलं करून हात हलवला. या कुटुंबातल्या बायका वर्षाआड मुखवटे घेऊन दाराबाहेर उभ्या राहतात याची त्यांना सवय होती. उंबऱ्यात दोघींचे पाय धुतले गेले. श्रुतीनं ताटलीवर चमचा वाजवायला सुरुवात केली. कुमुदिनीच्या हातात ज्येष्ठा, मृदुलाच्या हातात कनिष्ठा, पुढे कुंकवाची पावलं. वहिनींनी आपल्या आईची ओवी धरली, हळू, नाकात गुणगुणल्यासारखी:

*दारात आली गौर, तिची ओली गं पाऊलं*
*दूरदेशीच्या लेकीचं मन उंबऱ्यात राहिलं*

या घराण्याची रीत अशी, की गौर आली की तिला घर दाखवायचं. पाहुणी तीन दिवसांची. माहेरी कशाला काही कमी नाही हे तिनं डोळ्यांनी बघून जायचं. थोरली गौरीला विचारते, घरची बाई तिच्या वतीनं उत्तर देते.

“गौरीबाई, गौरीबाई, इथं काय आहे?” बैठकीच्या खोलीत वहिनींनी विचारलं.

“इथं लेकराबाळांची बैठक आहे,” मृदुला म्हणाली.

“इथं काय आहे?”

“इथं नीज आहे, निवांतपणा आहे.” कपाटापाशी: “इथं साड्याचोळ्यांची रास आहे.” शब्द आपोआप येत होते, सासूबाईंनी शिकवलेले, पंचवीस वर्षांचे. चमचा वाजत होता. अरुण मागून घंटा हलवत होता, आणि निहार सगळ्यांत मागे, मान खाली घालून, आपल्याच घरात पाहुण्यासारखा.

मग स्वयंपाकघर. वहिनी दारातूनच वळू लागल्या. “इथलं राहू दे,” त्या पुटपुटल्या. “मुहूर्त टळेल.”

“असं कसं, काकू?” श्रुती म्हणाली. “किचन इज द मेन थिंग.”

सहा माणसं त्या चिंचोळ्या जागेत कोंबली गेली. कुमुदिनीला विचारणं भाग पडलं. तिनं फळीकडे न बघता विचारलं, “गौरीबाई, इथं काय आहे?”

इथं धान्याची कोठी आहे, असं म्हणायचं असतं. दुधा-दह्याचे माठ आहेत. मृदुलानं तोंड उघडलं. कनिष्ठेचा पितळी मुखवटा हातात जड झाला होता.

“इथं दोन बरण्या आहेत,” ती म्हणाली.

चमचा थांबला.

“एकीत अरुणचं औषध आहे, एकीत निहारचं. पुड्या मी सोडल्या. दोरे मी टाकले. वास मला येत नव्हता. त्या शनिवारी पहाटे त्याच्या बाटलीत मी कालवून दिलं, अरुणचं. वहिनींनी काही बदललेलं नाही. त्यांना हे आता मघाशी कळलं, आणि मला गुरुवारपासून माहीत आहे.”

घंटा अरुणच्या हातातून ओट्यावर ठेवली गेली तिचा तेवढा आवाज झाला. “गुरुवारपासून?” तो म्हणाला. “मृदुला, मी मघाशी वहिनींना...” आणि खोकल्यानं त्याला पुढे बोलू दिलं नाही. जयप्रकाशभाऊजींनी पुढे होऊन त्याची पाठ चोळली. त्या दोघांत आज झालेला तो पहिला स्पर्श.

“कशाला बोललीस?” कुमुदिनी हळूच म्हणाली, आणि ते रागानंच म्हणाली. “मी निस्तरलं होतं की.”

“तुम्ही निस्तरायचं, आणि मी गौर बसवायची?”

“माझं नाव तर तरीही जाणारच आहे, वेडे. सोमलता माझीच.”

“जाईल. पण चुकली म्हणून नाही जाणार.”

कुमुदिनी बघत राहिली. मग तिनं ज्येष्ठेचा मुखवटा डाव्या हातावर तोलला आणि उजव्या हातानं जावेच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला. “जाऊ दे तर,” ती म्हणाली. “वैद्य म्हणून सही करीन. पदवीसकट.”

निहार गर्दीतून पुढे आला, फळीवरून दोन्ही बरण्या उतरवल्या आणि आईकडे न बघता श्रुतीच्या हातात दिल्या. “लॅबला लागतील,” एवढंच. त्याच्या गालाचा स्नायू हलत होता. मृदुलाला वाटलं, ओरडला असता तर बरं.

“आधी गौरी बसवा,” भाऊजी म्हणाले. “त्यांना ताटकळत ठेवू नका.”

*

गौरी बसल्या. साड्या नेसवून झाल्या, आरती झाली. श्रुतीनं नवं निवेदन लिहायला घेतलं, तेव्हा निहार तिच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला; आपला मेल त्यानं तिच्यासमोर पुसून टाकला. मृदुला खुर्चीत बसली, परीक्षेला बसल्यासारखी. श्रुती विचारत होती, ती सांगत होती. पुड्या कधी आल्या. बरण्यांत कधी भरल्या. निहार घरी कधी आला.

“सामन्याच्या आधीच्या गुरुवारी दुपारी. तीन महिन्यांनी. शनिवारी पहाटे गेला.”

“डोस लिहावा लागेल,” श्रुती म्हणाली. “रिपोर्टमधल्या आकड्याशी जुळायला हवा. काकू, बाटलीला किती सांगितलं होतंस?”

“एक चमचा. सपाट.”

“आई, तू एकच घातलास ना?”

मृदुला आपल्या हातांकडे बघत होती. नखांत कुंकू होतं. एक म्हटलं असतं तर साधं होतं.

“दोन,” ती म्हणाली. “शीग लावून.”

निहारनं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. “का?”

“दोनच दिवस होतास घरी,” ती म्हणाली. “आणि मला तुझ्यासाठी दुसरं काही करताच आलं नाही.”

श्रुतीची बोटं कळफलकावर थांबली होती. तिनं आईकडे पाहिलं, मग भावाकडे.

“हे पण लिहू?”

निहारनं तळव्यानं डोळे पुसले, घाम पुसावा तसे.

“लिही,” तो म्हणाला. “ती म्हणाली तसंच.”